पिंप की बाटली?

लखनौ म्हटले की मराठी वाचकास पंडित भातखंड्यांनी १९२६ साली उभारलेले संगीत महाविद्यालय आठवते; परंतु १८५५ साली कसौलीस बिअरचा कारखाना काढणाऱ्या एडवर्ड डायरच्या उद्योगातून पुढे जी डायर-मीकिन कंपनी उदयास आली, तिचा एक कारखाना याच शहरात चालत असे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. थोडक्या प्रमाणात केलेली बिअर पिंपात ठेवावी की बाटल्यांत भरावी, या प्रश्नाचा निकाल येथे रुचीच्या आधी वैशाखातील उष्माच लावून टाकतो, असे किण्वनशास्त्राच्या व्यवसायात मुरलेल्या माझ्यासारख्याचे ठाम मत आहे.

बाटलीतील बिअर फेसाळते ती आत शिल्लक असलेल्या यीस्टमुळे. एका लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर घालून बूच घट्ट बसवले, की यीस्ट ती साखर खाऊन कर्बद्विप्राणिद वायू निर्माण करते आणि वायूस बाहेर पडण्यास मार्ग नसल्यामुळे तो द्रवातच विरघळतो. मूळ किण्वन अपुरे राहिले असताना भरणी केली, तर या साखरेत उरलेल्या साखरेची भर पडते. शिवाय २० अंशांवर बाटलीत जो दाब असतो, तो ४० अंशांवर जवळजवळ दुप्पट होतो. मे महिन्यातील लखनौच्या कोठीघरात बाटल्या फुटतात त्या यामुळेच. म्हणून घनतामापकाचा आकडा सलग तीन दिवस स्थिर राहिल्यावाचून मी भरणीची परवानगी देत नाही. भरताना नळी थेट तळाला टेकवावी, द्रव खळखळू देऊ नये, आणि मानेशी चढलेला फेस काठावर आला की त्या फेसावरच बूच दाबावे, म्हणजे फेसाने हुसकावलेली हवा पुन्हा आत शिरत नाही. हवेतील प्राणवायूने बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि ती मागाहून कोणत्याही उपायाने जात नाही. काच तपकिरीच हवी. उन्हाने हॉप्सचा कडवट अंश बिघडून दुर्गंधी सुटते.

पोलादी पिंपात प्रकाशाचा प्रश्नच उद्भवत नाही. रिकाम्या पिंपातील हवा आधी वायूने हुसकावून लावता येते, बिअर ४ अंशांवर थंड करून सुमारे पाऊण बार दाबाखाली ठेवली की आठवडाभरात ती हवी तशी फेसाळते, आणि दाब कमी-जास्त करणे सर्वस्वी आपल्या हाती राहते. मात्र वायूची टाकी, दाबनियंत्रक आणि अखंड शीतगृह यांचा खर्च सोसावा लागतो. झाकणाचे रबर किंचित जरी कललेले असले, तरी रात्रीतून सगळा वायू निघून जातो.

लहान घाण्यासाठी माझा कौल पिंपाला आहे. अधिक मद्यांशाची, महिनोन्महिने मुरवायची बिअर तेवढी बाटलीत भरावी, आणि तीही थंडीच्या दिवसांत. घरी हा उद्योग करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९१० सालचा संयुक्त प्रांताचा आबकारी कायदा उत्तर प्रदेशात अद्याप अंमलात आहे आणि त्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही.