एकच डाव आणखी

आपल्या समाजात खेळण्याला कुणाची हरकत नाही; हरकत असते ती खेळणाऱ्याच्या वयाला. लहान मूल खेळले, की त्याची वाढ चांगली होते असे म्हणतात. साठी उलटलेले गृहस्थ पत्ते कुटीत बसले, की त्यांचा वेळ बरा जातो असे म्हणतात. मधल्या वयातला माणूस खेळताना दिसला, की मात्र त्याचे काहीतरी बिनसले आहे असे सगळे धरून चालतात. त्यातून तो महाविद्यालयात मराठी शिकवीत असेल, आणि त्याच्या हातात पुस्तकाऐवजी मोबाईल, व त्या मोबाईलमध्ये धावणारी, उड्या मारणारी आणि गोळ्या झाडणारी माणसे असतील, तर मग विचारायलाच नको! आमचे एक सहकारी पाच-पाच दिवस टीव्हीसमोर बसून कसोटी सामने पाहतात. ते क्रिकेटचे रसिक! मी जेवणानंतर तासभर व्हिडिओ गेम खेळतो, तर "सर, तुम्हीसुद्धा?" असे लोक मला विचारतात, आणि तेही मरणोन्मुख सीझरच्या सुरात.

होय, मीसुद्धा. आणि आजकालचा नव्हे, चांगला तीस वर्षांपूर्वीपासूनचा. मढीच्या यात्रेत वडिलांनी मला एक 'ब्रिक गेम' घेऊन दिला होता. वरून विटा पडत, त्या फिरवून खाली नीट रचायच्या, एवढाच तो खेळ. मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने १९८४ साली 'टेट्रिस' रचला, त्याचे हे दूरचे भावंड, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. यात्रेत लोक कानिफनाथांच्या समाधीकडे आणि गाढवांच्या बाजाराकडे पाहत होते. मी विटा रचीत होतो. पुढे नगरला शिकायला आलो, तेव्हा एका गल्लीत रुपयाला एक डाव देणारे दुकान सापडले. तिथे 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' यांची गाठ पडली. 'कॉन्ट्रा'मध्ये सुरुवातीलाच बटणे एका ठराविक क्रमाने दाबली, की तिनाऐवजी तीस जीव मिळत. तो क्रम ज्याला पाठ, त्याला त्या गल्लीत वेदशास्त्रसंपन्नाचा मान होता.

मराठीचा अध्यापक म्हणून मला या खेळांत आणखी एक सुख मिळते, ते भाषेचे. 'मरणे' हे केवढे भारदस्त क्रियापद! पण खेळणाऱ्यांच्या तोंडी ते किती हलके होऊन जाते पाहा. "थांब, मी एकदा मरतो आणि मग जेवायला येतो," असे मुलगा आईला खुशाल सांगतो, आणि आईही "लवकर मर, भात निवतो आहे," असे सहज म्हणून जाते. तीच गत नावांची. खेळात कुणी स्वतःच्या नावाने येत नाही. वाघ, वादळ, यमदूत असली नावे घेऊन मंडळी हिंडत असतात. आमच्या प्राध्यापककक्षात याला लपवाछपवी म्हणतात. पण कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, गडकरी 'गोविंदाग्रज' झाले आणि शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले, त्याला आपण लपवाछपवी म्हटले नाही. याच नगरात रेव्हरंड टिळकांच्या घरी ठोंबरे नावाचा एक तरुण राहून गेला. महाराष्ट्र त्याला 'बालकवी' म्हणूनच ओळखतो. बारशाला ठेवलेल्या नावाखेरीज आणखी एखादे नाव असावे, ही माणसाची जुनी हौस आहे. सगळ्यांनाच कविता करता येत नाहीत. काहींना नुसते खेळता येते.

नगरकराला या खेळांचे वेड लागायला आणखीही एक कारण आहे. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाचा एक खेळ १९९७ साली निघाला. लाकूड तोडा, धान्य साठवा, तट बांधा, शत्रूने वेढा घातला की झुंजा. मी तो खेळत असे, आणि माझ्या खोलीपासून सायकलीच्या अंतरावर भुईकोट किल्ला उभा होता! १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून या किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडले, आणि चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतले. अखेर वऱ्हाड देऊन तिला तह करावा लागला. पण किल्ला त्या वेळी राहिला. चार वर्षांनी तिच्याच माणसांनी तिला ठार केले. माझा तट ढासळला, की मी कालचा जतन केलेला डाव पुन्हा उघडीत असे. चांदबिबीला ती सोय नव्हती. इतिहास आणि खेळ यांतला फरक मला वर्गापेक्षा त्या पडद्यासमोर बसून अधिक समजला.

आता दुसरी बाजू. ती नाही असे म्हणणारा मी नव्हे. रात्री दोनपर्यंत जागून सकाळच्या तासाला डोळे चोळणारी मुले मी रोज पाहतो. 'पबजी'वर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, तेव्हा काही घरांत सुतक आणि काही घरांत सण, असा प्रकार झाला. त्याहून वाईट ते पैसे लावून खेळायचे खेळ. त्यांना खेळ म्हणणे म्हणजे सावकाराला पाहुणा म्हणण्यासारखे आहे. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे काढून मान्यता दिली. ही निवड मला योग्य वाटते. द्यूत आणि क्रीडा यांतला भेद आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे. फक्त तो दर पिढीला नव्याने शिकावा लागतो.

खेळात धोका असतो म्हणून खेळच टाकून द्यावा, असे आपल्या पूर्वजांना मात्र वाटले नव्हते. त्यांनी खेळालाच शहाणे करून सोडले. आपल्याकडे 'मोक्षपट' नावाचा खेळ होता. त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत, आणि पटाच्या माथ्यावर मोक्ष. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. ज्यांनी आमच्या जिल्ह्यात, नेवाशाला, खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांच्याच नावावर महाराष्ट्राने सापशिडीही जमा करावी, यात मला मोठा गोडवा वाटतो. पुढे हा खेळ इंग्लंडात गेला आणि मोक्ष वाटेतच कुठेतरी गळून पडला. आपली पचिशीही तशीच तिकडे गेली. १८९६ साली तिचा 'लुडो' झाला. आणि मग नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली तो 'लुडो किंग' म्हणून मोबाईलमध्ये आणून बसवला. मुलगी परदेशी जाऊन, फ्रॉक घालून, माहेरी परत यावी तसे हे झाले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आई श्रीगोंद्याला एकटी, ताई नाशिकला, भाचा बंगळुरूला आणि मी नगरला. रोज फोन होई. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीही बरा." मग दोन्हीकडे शांतता. भाच्याने एके दिवशी आजीला लुडो शिकवला आणि रात्री नऊ वाजता चार गावांतली चार माणसे एका पटाभोवती बसू लागली. आईने हळदीचा रंग म्हणून पिवळ्या सोंगट्या घेतल्या, त्या आजतागायत सोडलेल्या नाहीत. माझी सोंगटी मारताना तिला पुत्रप्रेम मुळीच आड येत नाही.

एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. फोनवर दोन वाक्यांत आटोपणारी आई, आपली पाळी येईपर्यंत कितीतरी बोलू लागली होती. विहिरीचे पाणी, मावशीचे जुने भांडण, वडिलांना न आवडणारी कारल्याची भाजी. माणसे समोरासमोर बसून, आता बोलू या, असे ठरवून बोलत नाहीत. हात कशाततरी गुंतलेले असले, की ती मोकळी होतात. पूर्वी ओसरीवर बायका भाजी निवडायला बसत. भाजी ही निमित्ताची, निवडली जात ती मनातली सल. आमचा लुडो म्हणजे अशीच भाजी निवडणे होते.

टाळेबंदी गेली, पण डाव राहिला. २०२२ च्या पावसाळ्यातली एक रात्र. आई म्हणाली, "दूध वर ठेवलंय, आले हं." तिची पाळी आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. भाचा हसून म्हणाला, "आजी घाबरली!" तिसरी पाळी गेली, तेव्हा कुणी हसले नाही. मी फोन लावला. तो वाजत राहिला. शेजारच्या काकूंना उठवले. त्या मागच्या दाराने आत गेल्या, तर आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेली. खुब्याचे हाड मोडले होते. दूध करपून धूर झाला होता. काकूंनी गॅस बंद केला आणि रातोरात आईला नगरला आणले. आमचा रोजचा फोन सकाळी दहाचा असे. म्हणजे एरवी आम्हाला दुसऱ्या दिवशी दहा वाजता कळले असते.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला, "माझी शेवटची सोंगटी घराच्या दारात होती ना रे?" होती. एक पडले असते तर ती जिंकली असती.

तेव्हापासून, खेळण्यात वेळ फुकट जातो असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. वेळ जायचाच असतो. तो कुणाच्या सोबतीने जातो, एवढेच आपल्या हाती असते. सौभाग्यवती अजूनही विचारतात, "अहो, तुमचा शेवटचा डाव म्हणजे नक्की कितवा?" पण नऊ वाजता मोबाईल कुठे सापडत नसला, तर तो शोधून माझ्या हाती देतात त्याच.

आई आता काठी घेऊन हिंडते आणि श्रीगोंदा सोडायला तयार नाही. या दिवाळीत आम्ही सारे तिच्याकडे जमणार आहोत. माळ्यावरचा कापडी पट काढून तिने उन्हात घातला आहे. सहांपैकी दोन कवड्या मात्र सापडत नाहीत. त्या पैदा करण्याची कामगिरी माझ्याकडे आली आहे.