हा मी नाही जी

ज्यांचं ऋण माझ्यावर आहे अशा माणसांची नावं घ्यायची झाली, तर पहिली काही कुठल्याही सभेत सांगता येतील अशी आहेत. आई, शाळेतले गुरुजी, वाचनालयातले एक काका. त्यानंतरचं नाव आलं की लोक हसतात. कारण तो माझा विद्यार्थी होता, सहावीत होता, आणि वर्गातल्या वाचनपेटीला त्याने कधी हात लावला नव्हता. नाव इथे लिहीत नाही. तो आता सिमेंटचा बल्कर चालवतो, आणि "माझं नाव छापाल तर पैसे लागतीन" असं त्याने मला स्वच्छ बजावलं आहे.

गोष्ट २००३ च्या आसपासची. मी तेव्हा बल्लारपूरहून जाऊन-येऊन करायचो. एसटीने वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुरा, तिथून पुढे गडचांदूर. तालुक्याचं गाव कोरपना, पण गर्दी गडचांदूरला. सिमेंटचा कारखाना, आठवडी बाजार, हंगामात कापसाच्या गाड्या, आणि जिवतीच्या डोंगरावरून खाली उतरलेली माणसं. माझ्या वर्गात कुणाच्या घरी गोंडी बोलत, कुणाच्या घरी कोलामी, काहींच्या घरी तेलुगू, कॉलनीतल्या मुलांच्या घरी हिंदी आणि उरलेल्यांच्या घरी इकडची मराठी. पाठ्यपुस्तकातली मराठी मात्र कुणाच्याच घरी राहत नव्हती. दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की खिडक्या थरथरायच्या आणि उभं राहून वाचणारं पोर ओळ चुकायचं. सुरुंगाच्या वेळेलाच आपला नंबर यावा, अशी खटपट करणारेही काही होते.

हा त्यांच्यातला नव्हता. तो सरळ सांगायचा, "वाचता येते जी. मन नाही होत." आणि खाली बसायचा. त्याचं खरंही होतं. अक्षरं त्याला येत होती, जोडाक्षरंसुद्धा. बालवाचनावरच्या परिसंवादांत मी पुढे बरीच भाषणं ऐकली. वाचायला नाखूश असलेल्या मुलाबद्दल इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

त्या वर्षी मुलांनी पंधरा दिवस रोजनिशी लिहायची असं ठरलं होतं. तसल्या वह्या तपासणं म्हणजे मागच्या जन्मीच्या पापांची फेड. सकाळी लवकर उठलो, दात घासले, देवाला नमस्कार केला, आईला मदत केली, अभ्यास केला, झोपलो. वही बदलली तरी दिवस तोच. पहिल्या तासाला जांभया देत, तोंडही न धुता येणाऱ्या पोराच्या वहीतसुद्धा पहाटे पाचलाच उजाडत होतं. मुलांचा दोष नाही. वही सर वाचणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि सरांना काय वाचायला आवडतं हे त्याहून चांगलं ठाऊक होतं.

याच्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'काही नाही झालं.' दुसऱ्या दिवशी, 'कालच्यासारखंच.' तिसऱ्या दिवशी, 'कालच्यासारखंच, पण थंडी जास्त.' आणि मग हे :

'आज सर बाजारात दिसले. वांगे घेत होते. बाईनं भाव कमी नाही केला. सरांनं दोनदा जायचं नाटक केलं. बाईनं बलावलं नाही. मग सर स्वतःच वापस आले.'

खाली चित्र. काड्यांचा माणूस, डोळ्यांवर चष्मा, हातात पिशवी. माणसाला दोन रेघांत उरकलं होतं. वांग्यांना मात्र नीट छटा दिल्या होत्या.

मी ती नोंद वर्गात मोठ्याने वाचली. पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी ती वही माझ्या टेबलावरून नाहीशी झाली. चार-पाच दिवसांनी परत आली तेव्हा तिच्यावर खिचडीच्या हळदीचे डाग होते आणि ती सातवीत फिरून आल्याचं कळलं. वाचनपेटीतली पुस्तकं घरी न्या म्हणून मी मागे लागायचो, तेव्हा खाली बघणारी पोरंच ही वही वाचायला रांगेत उभी होती. कुणी विनवलेलं नव्हतं, कुणी प्रश्न विचारणार नव्हतं, 'यावरून तुम्ही काय शिकलात' हेही नव्हतं. दुसऱ्याची डायरी चोरून वाचायची असते, हा तिचा मोठाच गुण.

पंधरा दिवस संपले, पण त्याने लिहिणं सोडलं नाही. सातवीत गेल्यावर तर त्याला चांगलाच रंग चढला. पावसाळ्यात वर्धेला पूर आला, राजुऱ्याचा रस्ता बंद झाला आणि मी पलीकडे अडकलो, त्या दिवशीची नोंद : 'आज पुलावरून पाणी आहे. सर आले नाही. नदी ही आपली माता आहे.' पाठ्यपुस्तकातल्या वाक्याचा इतका चपखल उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणखी एक नोंद अशी : 'आज उशीर झाला. सरांनं विचारलं काहून. मी म्हटलं वाघामुळं. सरांनं विचारलं कुठं दिसला. मी म्हटलं दिसला नाही ना जी, वाट पाहून रायलो होतो.' आमच्या जिल्ह्यात वाघ ही उशिराची सबब म्हणून चालून जाते. ही नोंद मी बरीच वर्षं जिथे-तिथे सांगत असे. पुढे राजुऱ्याच्या जंगलात माणसांचे बळी घेणारा आरटी-१ वाघ आला. २०२० च्या ऑक्टोबरात तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत त्या बाजूची माणसं शेतात जायला भीत होती. त्या दिवसांत ती नोंद मी सांगायची थांबवली.

ज्या वाक्यासाठी मी त्याचा कायमचा देणेकरी झालो, ते तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात तो हा सण. नोंद अशी होती : 'माझ्या बैलाचा एक पाय तुटला. मी घरोघरी सांगितलं, हा लंगडा आहे, याचा बोजारा जास्त लागते. तीन घरी भेटला. चौथ्या घरी काकू म्हणे, मागच्या साली पण लंगडाच होता. काही लोकांच्या लय ध्यानात राहते.'

आता, त्याचा लाकडी बैल मी आदल्या दिवशी पाहिला होता. चारही पाय शाबूत, शिंगांना बेगड. मी म्हटलं, "अरे, तुझा बैल तर धडधाकट होता."

"हा मी नाही जी," तो म्हणाला. "हा माझ्यासारखा दुसरा पोट्टा आहे. माझ्याहून थोडा ढ."

"ढ कशाला?"

"वाचणाऱ्याले वाटलं पायजे ना जी, का आपण याच्याहून हुशार आहो."

मी तेव्हा मुलांसाठी गोष्टी लिहायचो. त्या परतही यायच्या. माझ्या गोष्टींतली मुलं वक्तशीर, परोपकारी आणि झाडं लावणारी होती. मुलांनी वाचावं म्हणून आपण त्यांच्यासमोर सतत त्यांच्याहून शहाणी मुलं उभी करतो. ताम्हनकरांचा गोट्या काय, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काय, मला दोघेही प्रिय आहेत. पण फेणे शेवटी चोर पकडतो. ज्याला पुस्तक हातात घेतानाच हरल्यासारखं वाटतं, त्याला आणखी एक जिंकणारा मुलगा नको असतो. त्याला हवा असतो असा कुणीतरी, ज्याची फजिती आपल्याला दोन ओळी आधी दिसते आणि त्याला स्वतःला शेवटपर्यंत दिसत नाही.

मराठीत हे नवं नव्हतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव दुसरं काय करतो? तो स्वतःच आपली हकीकत सांगतो, अगदी गंभीरपणे, आणि त्याचा गबाळेपणा त्याच्याखेरीज सगळ्यांना कळतो. ते लिखाण मोठ्यांसाठी होतं, मुलांनी ते आपलं आपण उचललं. दूरदर्शनवर चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर पुढे लेखक म्हणून याच वाटेवर दिसतात, हा मला योगायोग वाटत नाही. त्यांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवर आला आणि मग पुस्तकांत. त्यामुळे त्यातली वाक्यं कानासाठी बेतलेली आहेत. वर्गात मोठ्याने वाचायला घेतलं की मागच्या बाकापर्यंत पोचतात. आणि 'अनुदिनी'. वर्तमानपत्रातलं सदर, ज्यात टिपऱ्यांच्या घरातली माणसं आपापल्या डायऱ्या लिहितात. त्यावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ पासून अल्फा मराठीवर सुरू झाली. आमच्या वर्गातल्या लेखकाच्या घरी टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर उभं राहून तो टिपरे बघायचा. डायरीत मनचं लिहिलं तरी चालतं हे तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाला, "टिपऱ्यांचे आबा लिहितात ना जी."

मी नागपूरहून 'अनुदिनी' आणून त्याच्या हातात दिलं. त्याने आधी पुस्तक जाड किती ते पाहिलं, मग मधूनच कुठेतरी उघडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाखूश वाचकासाठी डायरी सोयीची का. तारीख बदलली की पुस्तक खाली ठेवता येतं. अर्धं सोडल्याची टोचणी नाही. कादंबरीचं प्रकरण असं मोकळं करत नाही. पुस्तक त्याने सलग वाचलं नाही. पण ते महिनाभर त्याच्या दप्तरात होतं आणि कोपरे पार कुरतडल्यासारखे होऊन परत आलं.

साताठ वर्षांनी नागपूरच्या एका दुकानात 'डायरी ऑफ अ विम्पी किड' चाळलं आणि मला आमची ती हळद लागलेली वही आठवली. रेघी पानं, हाताने लिहिल्यासारखं अक्षर, काड्यांची माणसं, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा ग्रेग. त्याचा अमेरिकन लेखक जेफ किनी, त्याला व्हायचं होतं वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार. ते काही जमलं नाही. मग त्याने शाळकरी मुलाच्या डायरीचं रूप घेतलं. २००४ पासून ती इंटरनेटवर आली, २००७ मध्ये पुस्तक निघालं. गंमत म्हणजे त्याच्या मनात वाचक होते ते मोठे, आपलं शाळकरी वय आठवून हसणारे. ही मुलांची पुस्तकं आहेत हे प्रकाशकाने ठरवलं. चिमणराव आणि ग्रेग यांची गाठ पडली असती तर दोघांनीही एकमेकांना मूर्ख ठरवून घरी जाऊन तसं लिहून ठेवलं असतं.

त्या पुस्तकात मला हेवा वाटला तो मोकळ्या जागेचा. नाखूश वाचक ओळी वाचायच्या आधी पान बघतो. आपली मुलांची पुस्तकं बहुतेक कागदाच्या भावाला घाबरून छापलेली. एका पानात जितकं कोंबता येईल तितकं कोंबलेलं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून स्वस्तात आणि चित्रांसह निघतं म्हणून बरं. आमच्या वर्गात पोरं त्यातली कोडी आणि चित्रं आधी फस्त करायची. माझी त्याला कधी हरकत नव्हती.

तर त्या लंगड्या बैलानंतर मी माझ्या गोष्टी फेकून दिल्या आणि एका ढ मुलाची डायरी लिहायला घेतली. मजकूर आधी याला द्यायचो. तो वाचायचा आणि जिथे थांबला त्या पानाचा कोपरा मुडपून वही परत करायचा. कारण विचारलं तर एवढंच, "इथं मन गेलं जी." मुडपलेल्या कोपऱ्यापासून पुढचं मी पुन्हा लिहायचो. कधी कोपरा दुसऱ्याच पानावर असायचा. एकदा सबंध वही सरळ कोपऱ्यांची परत आली, तेव्हा मला वाटलं की जमलं. त्याने सांगितलं, "वाचलीच नाही. कापूस वेचाले गेलो होतो." नंतर मला संपादक भेटले, चांगले भेटले, पण माझ्या मजकुरातली उपदेशाची जागा अशी अचूक कुणी पकडली नाही. कोपरा बहुतेक वेळा तिथेच असायचा, जिथे माझ्यातला मास्तर हळूच बोलायला लागलेला असे.

दहावीनंतर तो क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. मोठा वाचक वगैरे झाला नाही. कारखान्याच्या गेटबाहेर भराईसाठी बल्करांची रांग लागते, त्यात तासन् तास जातात. तिथे तो मोबाईल बघतो, झोपतो आणि कधीमधी मला व्हॉट्सॲपवर आवाजात नोंद पाठवतो. अमुक ढाब्यावर एका ड्रायव्हरने चहावाल्याशी हुज्जत घातली, हरला, आणि वरून दोन चहा जास्त पिऊन आला. तो ड्रायव्हर कोण हे मी विचारत नाही.

बोक्या सातबंडेला २०११ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, हे मी त्याला फोन करून सांगितलं होतं. "चांगलं झालं," म्हणाला. "तुमाले कवा भेटते?" माझ्या पहिल्या छापील डायरीची प्रत मी त्याला नेऊन दिली होती. तीन महिन्यांनी बसस्टँडवर गाठ पडली तेव्हा त्याने अभिप्राय दिला की लंगड्या बैलाच्या नोंदीत मी काकूच्या तोंडी एक वाक्य जास्त घातलं आहे. मी घरी जाऊन पाहिलं. वाक्य जास्तच होतं. दुसऱ्या आवृत्तीत काढलं.

हा लेखही मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो चंद्रपूरच्या अलीकडे कुठेतरी गाडी बाजूला लावून ऐकत होता, मागून हॉर्न येत होते. ऐकून झाल्यावर म्हणाला, "नदीवालं ठेवा. वाघाचं ठेवा. त्या अमेरिकेवाल्याचं लय आहे जी, तिथं मन गेलं." अमेरिकेचे दोन परिच्छेद होते. एक मी काढला आहे.