अग्निगोल

नांदेडात दिवेच इतके, की आकाश बघायचं तर गाव सोडावं लागतं. म्हणून १४ डिसेंबर २०२३ च्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला किल्लारीला, मावशीच्या शेतावर. अमावास्या नुकतीच झालेली, काळंभोर आकाश. दीडच्या सुमारास मृगाच्या खाली एक हिरवट गोळा सरकन गेला. क्षणभर तुरीच्या सावल्या पडल्या! शुक्राहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल. मला तर पहिल्यांदाच दिसला.

मी ओरडलो, तशी मावशी धावत बाहेर. "आवाज आला का रे?"

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तिने इथंच काढलीय.

म्हटलं, हा फार उंचावर जळतो, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. आवाज आलाच तर काही मिनिटांनी.

मग दोघंही बाजेवर, कान देऊन. पाच मिनिटं. काहीच नाही.

"चहा टाकते," म्हणाली.