आबी रंग
उर्दूत जलरंगांना ‘आबी रंग’ म्हणतात. आब म्हणजे पाणी आणि चमकही. मराठीत आपण तोच आब राखतो. रविवारी मानकोलीच्या खाडीवर चित्र काढायला बसलो की हे सगळेच अर्थ कामाला येतात. उल्हासच्या पाण्यावरची चमक पांढऱ्या रंगाने साधत नाही, तिथला कागद कोराच राखावा लागतो. आधी आभाळाचा फिका हात, तो सुकला की खारफुटीचा हिरवा, शेवटी चिखलाचा गडद. घाई केली की सगळं गढूळ. (सय्यद हैदर रझाही १९४०च्या दशकात मुंबईची जलरंगचित्रं करत; बिंदू फार नंतरचा.) गोदामांचे पत्रे आणि डोंबिवलीकडे जाणारा पूल गाळला तर चित्र देखणं होतं, पण ते मानकोली राहत नाही. म्हणून दोन्ही काढतो. वर्गात मुलं विचारतात, “सर, झाडं इतकीच?” तिथे आता तेवढीच दिसतात.