स्ट्रिप कोणत्या टोकाकडून कापायची

कुणी चारच गोळ्या मागितल्या, तर स्ट्रिप एक्स्पायरी छापलेल्या टोकाच्या उलट बाजूने कापायची. म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख आणि बॅच नंबर शाबूत राहतात. गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर मात्र काहीच राहत नाही, म्हणून पाकिटावर औषधाचं नाव आणि तारीख लिहून द्यायची. डी.फार्म.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे आम्ही खलात इमल्शन घोटत होतो.

सांगितलं ते काकांनी. अभ्यासक्रमानंतरचे 500 तासांचे प्रशिक्षण मी ज्या मेडिकलमध्ये केले, तिथले ते जुने सेल्समन. डॉक्टरांचं अक्षर ते लांबूनच ओळखायचे आणि रॅककडे न बघता खोका काढायचे. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. हा कायदा काकांवर अन्याय करतो असं मला तेव्हा वाटायचं. मग एका कंपनीने खोक्याचा रंग बदलला आणि काका अडले. ते औषध रंगावरून ओळखत होते. मला निदान त्यातला घटक वाचता येत होता. कायद्याबद्दलचं माझं मत त्या आठवड्यात बदललं.

वर्गात डॉक्टरकीचे मार्क हुकलेले होते, वडिलांच्या दुकानासाठी पाठवलेले होते, आणि लग्नानंतर गावातच काम मिळेल असा हिशेब घातलेल्या माझ्यासारख्या मुलीही होत्या. पुढे काही जण बॅग घेऊन एमआर झाले, एक जण प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी झाला. आणि काहींनी प्रमाणपत्रच भाड्याने दिलं: फ्रेम एका गावात भिंतीवर, माणूस दुसऱ्या गावात. त्या फ्रेमला प्रश्न विचारता येत नाहीत, आणि आमचा धंदा तर प्रश्नांचाच आहे.

मेथोट्रेक्सेटचं घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. 'आठवड्याला एक' म्हटलं की माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन इतर गोळ्यांसारखी रोज घेतात. म्हणून डॉक्टरांनी वार लिहिला नसेल, तर मी आधी त्यांना विचारून घेते आणि मग म्हणते, "आजी, ही गोळी फक्त बाजाराच्या दिवशी. बाकीच्या दिवशी डबीला हात लावायचा नाही. आता सांगा बघू, कधी घ्यायची?" आजींनी स्वतःच्या तोंडाने "मंगळवारी" म्हटल्याशिवाय पिशवी हातात देत नाही. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

बाई काउंटरवर असल्याचा एक फायदा मात्र मुलींना होतो. दुकानात पुरुष असले, तर त्या क्रोसिन घेऊन थांबून राहतात. गर्दी ओसरली की हळूच म्हणतात, "ताई, पाळी दोन महिने आली नाही." अशा वेळी गोळी द्यायची नसते; आधी तपासणी, मग डॉक्टर, एवढं सांगायचं असतं. बिल क्रोसिनचंच होतं.

सगळ्यात अवघड प्रसंग चिठ्ठीतली कंपनी दुकानात नसल्याचा. घटक तोच असलेली दुसऱ्या कंपनीची गोळी समोर रॅकवर असते, पण नियमानुसार डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बदलून देता येत नाही. मी फोन लावते. डॉक्टर ओपीडीत असतात. गिऱ्हाईक पायरीवर थांबतं. घाईत असेल तर तोवर समोरच्या दुकानातून तीच दुसरी गोळी घेऊन रिक्षात बसलेलं असतं.