एका गंजातले रात्रीचे जेवण

स्वयंपाकघर हा धर्मगुरूच्या लेखणीचा प्रांत नव्हे, असे आमचे काही वाचक म्हणतील. त्यांनी कृपा करून संत योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडावा. पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी शिष्यांची वाट पाहत उभा आहे आणि निखाऱ्यांवर मासळी भाजली जात आहे. रात्रभर जाळी ओढून थकलेल्या त्या माणसांना त्याने प्रथम उपदेश केला नाही, न्याहारी दिली. तेव्हा दमून घरी येणाऱ्या माणसांच्या घरात संध्याकाळी काय शिजावे, आणि ते कोणी शिजवावे, ह्याचा विचार धर्मगुरूने केला तर ते अगदीच अशोभनीय ठरू नये.

निमित्त घडले एका मातेच्या प्रश्नाचे. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परिचारिका होऊन आयर्लंडला गेली आहे. रुग्णालयातील बारा तासांची पाळी संपवून खोलीवर आली की ती एकाच भांड्यात गाईचा खिमा, टोमॅटो आणि मॅकरोनी शिजवते व त्यावर दोन वेळा भागवते. हे तिने आईला फोनवर सांगितले आणि आईच्या जिवाला घोर लागला. रविवारी मिस्सा संपल्यावर ती बाई चर्चच्या पायरीशी थांबली. "फादर, पोरगी तिकडं बड्याचं खाते म्हन्ते. पाप त नाई लागत न?" आम्ही म्हणालो, "नाही बाई, पाप लागत नाही. दमून आल्यावर पोर पोटभर जेवते, हे चांगलेच आहे." तिचा चेहरा निवळला, पण ती हलली नाही. मग हळूच म्हणाली, "अन् एकाच भांड्यात? भाकर नाई, भाजी नाई, वरन नाई?" पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसराच तिला अधिक सलत होता, असे आम्हांस वाटले.

पहिल्याविषयी थोडक्यात लिहितो. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राला यापो येथील घराच्या छपरावर झालेला दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. देवाने शुद्ध केलेल्याला माणसाने अशुद्ध म्हणू नये, हे त्याला तेथे शिकविले गेले. म्हणून आपल्या धर्मात कोणतेही अन्न स्वभावतः निषिद्ध नाही. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल असेही सांगतो की, आपल्या ताटामुळे बंधूचे मन अडखळत असेल तर ते ताट आपण बाजूला सारावे. शिवाय देशाचा कायदा आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल पूर्वीपासून निषिद्ध होतीच. विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली, आणि बैल व वळू हेही त्या कक्षेत आले. म्हैसवर्ग मात्र त्यात नाही. आयर्लंडमधील मुलीला हा कायदा लागू नाही, आम्हांला आहे. तो आम्ही पाळतो. मात्र एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावीशी वाटते. ज्या घरांत हे मांस एके काळी दारिद्र्याचा आधार होते, त्यांच्या आठवणींना कोणी नाक मुरडू नये. मराठवाड्यातील अशा घरांतले पदार्थ, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांसह, श्री. शाहू पाटोळे ह्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या २०१५ सालच्या पुस्तकात निःसंकोचपणे लिहून ठेवले आहेत. 'पूर्णब्रह्म' हा शब्द ज्यांना भरल्या पोटी सुचतो, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

आता दुसरा प्रश्न. मुलगी जो पदार्थ करते तो मूळचा श्रीमंतांचा नाही. अमेरिकेत १९७१ साली जनरल मिल्स ह्या कंपनीने 'हॅम्बर्गर हेल्पर' नावाचा खोका बाजारात आणला. आत कोरड्या शेवया किंवा मॅकरोनी आणि मसाल्याची पूड; गृहिणीने एक पौंड खिमा घालायचा आणि सारे एकाच भांड्यात शिजवायचे. मांस महागले होते, नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढल्या होत्या, आणि थोडक्या मांसात घरातली सर्व ताटे भरायची होती. गरज इतकीच होती. ती गरज चिखली-मेहकरच्या बाईला अनोळखी नाही.

मॅकरोनीही आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ती चांगली होते ड्युरम जातीच्या गव्हाची, आणि ड्युरम म्हणजे आपल्या आजीचा बन्सी गहू. कोरडवाहू काळ्या जमिनीत येणारा, कठीण दाण्याचा, शेवयांसाठी नावाजलेला. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून बायका ज्या शेवया वाळवीत, त्या आणि इटलीतील पास्ता ह्या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. मार्को पोलोने हा पदार्थ चीनहून इटलीत नेला, ही गोष्ट शाळेत अनेकांनी ऐकली असेल. पोलो परतला १२९५ साली. आणि अल् इद्रिसी ह्या भूगोलवेत्त्याने ११५४ सालीच लिहून ठेवले आहे की, सिसिली बेटावरील त्राबिया गावी अशा शेवया मोठ्या प्रमाणात होतात आणि जहाजांत भरून दूरदूरच्या देशांत जातात. राहिला प्रश्न एकाच भांड्याचा. आमच्या वऱ्हाडात वरणफळे कोणाला माहीत नाहीत? तुरीच्या वरणाला फोडणी द्यायची, ते उकळू लागले की कणकेच्या पोळीचे तुकडे कापून त्यात सोडायचे, ते मऊ शिजले की वर तूप घालून वाढायचे. पलीकडच्या जिल्ह्यांत ह्यालाच चकोल्या म्हणतात. त्या मातेला आम्ही एवढेच सांगितले की, बाई, मुलगी वरणफळेच करते आहे; वरणाच्या जागी खिमा आहे आणि पोळी कारखान्यातून कापून आली आहे. ती हसली.

परंतु ह्या विषयावर लिहावेसे वाटले ते हसण्यासाठी नव्हे. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८८३ साली तो पवित्र मरियेला वाहिला. आमच्या जिल्ह्यात हाच सोयाबीनच्या सोंगणीचा महिना. पहाटे विळा घेऊन गेलेल्या बायका दिवस मावळता घरी येतात. धर्मग्रामाची प्रथा अशी की, ह्या महिन्यात रोज संध्याकाळी एकेका घरी जमून जपमाळ म्हणायची. आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत: बैठकीत पुरुष, मुले, शेजारी आणि धर्मगुरू मेणबत्तीभोवती बसलेले असतात, आणि ज्या बाईचे ते घर, तिचा फक्त आवाज येतो. 'नमो मरिये'चे उत्तर ती आतून देते, भाकरी थापता थापता. मध्येच आवाज थांबतो. तेव्हा समजावे की भाकरी उलटते आहे. मग सर्व जण जेवतात, ती वाढते, आणि शेवटी उरलेल्यात तिचे जेवण होते. तीही विळा घेऊन गेली होती, हे बैठकीतल्या कोणाच्या ध्यानात नसते.

प्रभुभोजनाविषयी करिंथकरांची कानउघाडणी करताना संत पौलाने अकराव्या अध्यायाच्या शेवटाकडे एक अगदी साधी आज्ञा दिली आहे: भोजनास एकत्र आल्यावर एकमेकांसाठी थांबा. ही आज्ञा वेदीपाशी आम्ही पाळतो. घरच्या ताटापाशी आईसाठी कोण थांबतो? आणि थांबायचे ठरविले तरी, पाच माणसांच्या दहा भाकऱ्या थापून भाजायला अर्धा तास चुलीपुढे उभे राहावेच लागते. भाकरी गरम खायची तर भाजणारीने मागून जेवावे, हा त्या अन्नाचाच स्वभाव आहे. भाकरीविषयी आमच्या मनात आदर आहे, आम्ही तिच्यावरच वाढलो. परंतु सोंगणीच्या दिवसांत, वेचणीच्या दिवसांत, अंगणवाडीचे काम किंवा दवाखान्याची पाळी करून आलेल्या संध्याकाळी, आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरीला सुट्टी असावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आयर्लंडच्या त्या भांड्याला आम्ही वऱ्हाडी गंजात उतरविले आहे. धर्मग्रामाच्या स्वयंपाकघरात ते अनेकदा केले आहे, आणि काही घरांनी ते उचललेही आहे. पाच-सहा जणांसाठी बोकडाचा पाव किलो खिमा पुरे. जोडीला सोयावडीचा चुरा एक वाटी, गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून घट्ट पिळलेला. मॅकरोनी तीनशे ग्रॅम. पाकिटावर नुसता मैदा लिहिला असेल तर दुसरे पाकीट मागावे, कारण मैद्याची मॅकरोनी अशा शिजवण्यात लगदा होते, रव्याची आकार धरते. तीन कांदे, चार टोमॅटो (जुनी माणसे ज्यांना भेदरे म्हणतात), एक लसणाची गड्डी, आल्याचा तुकडा, आणि आपल्या घरचे तिखट, हळद, धने.

जाड बुडाच्या गंजात चार चमचे तेल तापवून कांदा तांबूस करावा, आले-लसूण परतावे, मग खिमा घालावा. येथे घाई करू नये. खिम्याला पाणी सुटते. ते मोठ्या आचेवर आटेपर्यंत आणि गुठळ्या मोडून रंग बदलेपर्यंत परतत राहावे. अखंड मांसाच्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच राहतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा अर्धवट शिजलेला कधीही चालत नाही. मसाले, टोमॅटो, सोयावडी आणि थोडे मीठ घालून एक पेला पाणी ओतावे, झाकण ठेवावे व आच मंद करावी. ह्या टप्प्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. जपमाळेच्या पाच रहस्यांनाही तेवढीच लागतात. झाकण ठेवलेल्या गंजाला ह्या वेळात कोणाचीही गरज नसते, आणि घरची बाई बैठकीत येऊन सर्वांबरोबर बसू शकते. तळाशी पाणी आहे ना, एवढे मधल्या एखाद्या रहस्यानंतर मुलाने उठून पाहावे.

लितानी संपली की झाकण काढून मॅकरोनी घालावी आणि ती बुडून वर बोटभर राहील इतके कढत पाणी ओतावे; साधारण पाऊण लिटर ते थोडे अधिक. इटालियन लोक पास्ता भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत ही चैन नको, आणि तिची आवश्यकताही नाही. मॅकरोनीतून सुटलेले पीठ गंजातच राहते व त्याचाच दाट रस्सा होतो. दहा-बारा मिनिटे मध्यम आच, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून उलथणे फिरवायचे, कारण हेच पीठ तळाला लागते. थोडा रस्सा शिल्लक असतानाच आच बंद करावी, पाच मिनिटे झाकून ठेवावे. उरलेले पाणी मॅकरोनी पिऊन घेते. वर चिरलेला सांबार, म्हणजे पुणे-मुंबईच्या वाचकांची कोथिंबीर.

खेड्यात मटण मिळते रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी. इतर दिवशी खिमा वगळून सोयावडी दुप्पट करावी. ह्या वडीला गरिबाचे मांस म्हणून हिणवू नये. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाची ती असते आणि तिच्यात जवळजवळ निम्मे वजन प्रथिनांचे असते. आपलेच सोयाबीन बाजार समितीतून गिरणीत जाते, तेल निघते, आणि वडी होऊन रंगीत पाकिटात आपल्याच गावच्या किराणा दुकानात परत येते. पिकविणाऱ्याने ती निदान चाखावी तरी. शुक्रवारी तर हाच प्रकार योग्य, कारण धर्मसंहितेच्या १२५१ व्या कलमाप्रमाणे शुक्रवार हा मांसवर्ज्य दिवस आहे. अंडी चालतात का, असे पुष्कळ जण विचारतात. चालतात, पोप पौल सहावे ह्यांनी १९६६ सालीच तसे स्पष्ट केले आहे. दोन-तीन अंडी फोडून शेवटी गंजात ढवळली तर मुले आनंदाने खातात.

राहिले, कोणी शिजवावे. भाकरी थापणे हे वर्षानुवर्षांच्या हाताचे काम आहे. ते पुरुषाला एका संध्याकाळी येणार नाही, ही सबब आम्ही मान्य करतो. वरील कृतीत मात्र थापण्यासारखे काहीही नाही. कांदा चिरता येणाऱ्या, घड्याळ वाचता येणाऱ्या कोणालाही ती जमते. दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही ती युवकांच्या बैठकीत करून दाखविली. त्यांतील दोघांनी घरी करून पाहिली, आणि एकाच्या आजीने मुलाच्या हातात उलथणे पाहून दोन दिवस अबोला धरला, असे कळते. तिसऱ्या दिवशी तिने थोडे मागून घेतले, हेही कळते.

उरलेले रात्रभर बाहेर ठेवू नये. शीतकपाटात ठेवले तर सकाळच्या डब्याला चालते. मात्र पाण्याचा हबका मारून चांगले वाफवून घ्यावे. आणि गंजाच्या तळाशी जी खरपूस खरवड धरते, तिच्यावर मुले भांडतात. ती उलथण्याने काढून आधी आईच्या ताटात घालावी.