कॅमेऱ्यामागची निवेदक

साहित्याच्या वर्गात लेखक आणि निवेदक एक नव्हेत, हे आपण पहिल्या महिन्यातच सांगून टाकतो. चित्रपटाविषयी बोलताना मात्र ही शिस्त सहज सुटते. दिग्दर्शक हाच कर्ता, असे गृहीत धरून आपण मोकळे होतो. जिच्या डोळ्यांनी सारे पाहिले ती व्यक्ती श्रेयनामावलीतल्या एका ओळीपुरती उरते. छायालेखिका दिग्दर्शनाकडे वळली की तिला जणू बढती मिळाली, अशा सुरात आपण बोलतो. माहितीपटाच्या बाबतीत हा सूर मला खटकतो. तो का खटकतो, हे दीप्ती गुप्ता यांच्या कामाकडे पाहताना अधिक स्पष्ट झाले.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून त्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आल्या. रीमा कागती यांच्या ‘हनीमून ट्रॅव्हल्स प्रायव्हेट लिमिटेड’चे (२००७) छायालेखन त्यांचे. ‘द फकीर ऑफ व्हेनिस’च्या छायालेखनातही त्यांचा वाटा होता, तो चित्रपट बरीच वर्षे अडकून पडला आणि २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘शट अप सोना’ मुंबईच्या महोत्सवात दाखवला गेला. योगायोगच, पण बोलका.

कथापटात चौकट आधी ठरते. नटाने कुठे थांबायचे याच्या खुणा जमिनीवर असतात. फोकस सांभाळणारा वेगळा, दिवे लावणारे वेगळे, दिग्दर्शक मॉनिटरसमोर. बिघडले तर पुन्हा टेक. माहितीपटातले माणूस असे थांबत नाही. ते बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर राहायचे, की शेजारी बसलेल्याच्या अस्वस्थ बोटांकडे वळायचे, हे कॅमेरा धरणारीने त्या क्षणीच ठरवायचे असते. कोणाला विचारायला सवड नसते, आणि जे टिपलेच नाही ते संकलनाच्या टेबलावर निर्माण करता येत नाही. निवडणे, वगळणे, किती जवळ जायचे ते ठरवणे: कादंबरीत ज्यांना आपण कर्तृत्वाच्या खुणा मानतो, त्या सगळ्या येथे आधीपासूनच तिच्या हाती असतात. नसते ते फक्त कर्तेपणाचे नाव.

आणि ते नाव बायकांना मिळायला फार उशीर झाला. बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ मध्ये ‘चिन्न वीडु’ स्वतंत्रपणे चित्रित केला. पण कथापटाच्या छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार एखाद्या स्त्रीला पहिल्यांदा मिळाला तो २००९ सालासाठी, अंजुली शुक्ला यांना, ‘कुट्टी स्रांक’करिता. मी मीरा रोडला राहते. रात्री उशिराच्या विरार लोकलमध्ये सेटवरून परतणाऱ्या केशभूषाकार, वेशभूषा सांभाळणाऱ्या मुली, सहायक दिग्दर्शिका भेटतात. कॅमेरा विभागातली मुलगी क्वचितच. तशी एक माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली होती, “मॅडम, लाइटमीटर माझ्या गळ्यात असतो, तरी नवा माणूस मलाच विचारतो, कॅमेरामन कुठे आहेत?” हे तिने हसत सांगितले. मला हसू आले नाही.

कॅमेरा हाताळणाऱ्या स्त्रीने दिग्दर्शक होऊन पुन्हा कॅमेऱ्याकडेच वळून पाहावे, हे सबीना गाडिहोक यांच्या ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’मध्ये (१९९८) दिसते. त्यातल्या एक होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. पण त्यावर स्वतंत्रच लिहायला हवे.

‘शट अप सोना’पाशी मला अडचण होती ती वेगळीच. गायिका सोना महापात्रा हा चित्रपटाचा विषय, आणि निर्मातीही तीच. आपल्याकडे गौरवग्रंथ निघतात, तसा हा गौरवपट तर नसेल? ‘शब्दांकन’ म्हणून ज्यांचे नाव आतल्या पानावर लहान टायपात छापतात, तशी तर दीप्ती गुप्तांची गत झाली नसेल? शंका पूर्ण फिटली, असे म्हणणार नाही. सोनाच्या विरोधकांचे म्हणणे पुरेसे ऐकू येत नाही, ही तक्रार रास्त आहे. ‘तोरी सूरत’ या खुस्रोच्या रचनेच्या चित्रफितीवर २०१८ मध्ये एका सूफी संस्थेने अश्लीलतेचा आक्षेप घेतला. तो वाद आपण सोनाच्या बाजूनेच पाहतो.

तरीही हे शब्दांकन नव्हे. काही वर्षे दीप्ती गुप्ता स्वतःच कॅमेरा घेऊन सोनाबरोबर वावरल्या. गौरवग्रंथाचा संपादक जिथे कात्री चालवील, तिथे हा कॅमेरा थांबून राहतो. सोना चिडते, अखंड बोलते, स्वतःच्याच विचारात बुडते, थकते. कॅमेरा तिला सावरून घेत नाही आणि उघडीही पाडत नाही. मैत्रीतले हे अंतर पटकथेत लिहून येत नाही. ते खोलीत उभे राहून, हाताने राखावे लागते. निर्मातीच चौकटीत असताना ते राखणे किती कठीण असेल, याची कल्पना आपण करू शकतो. उलट, आपल्यावरचे असे चित्रण तसेच राहू देणाऱ्या निर्मातीचेही त्यात श्रेय आहे.

२०१९ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, तो संकलनाचा, अर्जुन गौरीसरिया यांना. पुरस्काराबद्दल दुमत नाही. २०२२ मध्ये चित्रपट झी फाइव्हवर आला तेव्हा मी तो पुन्हा पाहिला, या वेळी सोनाकडे कमी लक्ष देऊन. ती कोणाशी बोलते आहे, एवढेच पाहत होते. अनेकदा ती चौकटीबाहेरच्या, कॅमेरा धरून उभ्या असलेल्या बाईशी बोलत होती.